लाकडी आमिषावरील इपॉक्सीचा लेप आणि ‘सुकणे’ या क्रियापदाची मर्यादा

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वडनेर हे गाव आहे. ग्रामनामाची व्युत्पत्ती सरळ आहे. ‘वटनगर’ या समासातील उत्तरपद प्राकृतात ‘नयर’ झाले व मराठीत त्याचे ‘नेर’ उरले. संगमनेर, पारनेर, अमळनेर ही नावे याच घडणीची. गुजरातेतील वडनगर हे वडनेरचे सख्खे भावंड, फरक इतकाच की तेथे उत्तरपदाने आपले संस्कृत रूप टिकवून धरले. तालुक्याची एक सीमा वर्धा नदीने आखली आहे आणि हिंगणघाटाजवळून वाहणारी वणा नदी पुढे तिलाच मिळते. अशा प्रदेशात मासेमारी ही नित्याची बाब असणार हे उघड आहे. ढीवर, भोई इत्यादी समाजांचा हा परंपरागत व्यवसाय. त्याची साधने जाळे व गळ, आणि गळाला लावावयाचे आमिष म्हणजे गांडूळ, बेडकी, कणकेची गोळी किंवा जिवंत लहान मासोळी. लाकडाची मासोळी कोरून, तिला रंगवून व गळ अडकवून पाण्यात ओढण्याची कला या परंपरेतील नव्हे. ती हौशी मासेमाराची कला होय, आणि मरळीसारखा शिकारी मासा हे तिचे मुख्य लक्ष्य असते.

‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ या जोडीत तो अद्याप शाबूत आहे. तेव्हा लाकडी मासोळीला ‘आमिष’ म्हणणे म्हणजे निरामिष आमिषाची कल्पना मान्य करणे होय! परंतु मराठीने हा शब्द ‘भुलविण्याची वस्तू’ या अर्थाने फार पूर्वीच स्वीकारला असल्यामुळे तो येथे वापरण्यास हरकत नसावी. ‘लाकडी मासोळी’ हा शब्दप्रयोगही बोलीस धरून आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या मासोळीवर द्यावयाचा इपॉक्सी राळेचा गुळगुळीत लेप हा आहे. भाषेच्या अभ्यासकाने या विषयाची दखल का घ्यावी, असा प्रश्न सहजच उद्भवेल. त्याचे उत्तर असे की, या लेपाच्या कामात ज्या चुका वारंवार घडतात त्यांपैकी बऱ्याच चुकांचे मूळ हाताच्या अकौशल्यात नसून क्रियापदाच्या निवडीत सापडते. लेप ‘सुकतो’ अशी समजूत करून घेतल्यावर माणूस जे जे करतो, ते ते जवळजवळ सर्व या लेपास अपायकारक ठरते.

लाकडावर लेप देण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, ‘वज्रलेप’ नावाच्या द्रव्याला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, सालईच्या बिया यांचा काढा आटवून त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ व अळशी ही द्रव्ये मिसळावीत आणि तो कढत असतानाच देवालयाच्या भिंतीस वा मूर्तीस लावावा, असा त्याचा आशय. हा लेप एक कोटी वर्षे टिकतो असे ग्रंथकाराचे आश्वासन आहे. त्याची परीक्षा घेण्याची सोय अर्थातच नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही वज्रलेप येतो, पण तो वेगळा आहे : म्हशीचे कातडे शिजवून केलेला सरस, चित्रासाठी भिंत तयार करताना पांढऱ्या मातीत कालवून लावावयाचा. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे एक प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांची खाद्ये, दोरी व गळ यांचे विवेचन केले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहिला. लेप आणि गळ हे दोन्ही विषय एकाच ग्रंथात शेजारी नांदत असूनही त्यांची गाठ पडण्यास पुढे आठ शतके जावी लागली, ही गोष्ट मनोरंजक आहे.

ती गाठ पडली परदेशात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डोवेजियाक या गावी जेम्स हेडन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडी मासोळ्या कोरण्यास आरंभ केला. तळ्याकाठी बसल्या बसल्या तासलेली काटकी त्याने पाण्यात फेकली व माशाने तिच्यावर झेप घेतली, अशी आख्यायिका सांगतात. फिनलंडमधील लाउरी रापाला याची हकीकत लेपाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली, चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी कागद तिच्यावर चढविला, आणि वर लेप द्यावयास काही नव्हते म्हणून छायाचित्रांच्या जुन्या पट्ट्या वितळवून ते द्रव्य लावले. लेपावाचून मासोळी निरुपयोगी आहे ही जाणीव गरिबीतही त्याला सोडता आली नाही. भारतात साहेबांच्या गळटाकीचे वाङ्मय १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या एच. एस. टॉमस यांच्या ‘द रॉड इन इंडिया’पासून मुबलक आहे, आणि मुंबईत पवई तलावाच्या काठी हौशी मासेमारांची संस्था स्वातंत्र्यपूर्व काळापासून नांदत आहे. परंतु या हौसेची भाषा प्रायः इंग्रजीच राहिली. मराठीत तिचा शब्दसंग्रह तयार झाला नाही, आणि त्याचे परिणाम आजचा नवशिका भोगतो.

लेप कशासाठी, हे प्रथम पाहिले पाहिजे. शोभेसाठी, हे उत्तर अपुरे आहे. लाकूड पाणी शोषते, फुगते, पुन्हा वाळते व आकसते. या हालचालीबरोबर वरचा रंग तडकतो, तडीतून आणखी पाणी आत जाते, आणि मासोळीचा तोल बिघडतो. तोल बिघडला की पाण्यातील तिची डोलण्याची लय जाते. मासा फसतो तो त्या लयीला. शिवाय माशाचे दात, तळाचे दगड आणि मासोळीच्याच अंगाला लटकणारे गळ तिला सतत ओरखडत असतात. म्हणून लेप जलाभेद्य हवा, जाड हवा आणि चिवट हवा. गुळगुळीतपणा हा त्या अखंडपणाचा बाह्य पुरावा होय. ज्या ठिकाणी खड्डा किंवा बुडबुडा दिसतो, त्याच ठिकाणी पुढे पाणी शिरते.

लेपाने मासोळी जड होऊन बुडेल, अशी भीती नेहमी व्यक्त केली जाते. तिचा थोडा हिशेब करावा. ९ सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर जाड मासोळीचे पृष्ठफळ ढोबळमानाने ५५ चौरस सेंटिमीटर धरले आणि लेपाची जाडी ०.३ मिलिमीटर धरली, तर सुमारे १.६५ घन सेंटिमीटर राळ लागते. घट्ट झालेल्या इपॉक्सीची घनता पाण्याच्या सुमारे १.१५ पट असल्यामुळे हिचे वजन १.९ ग्रॅम भरेल. पण तितक्याच आकारमानाचे पाणीही बाजूस सारले जाते. तेव्हा तरंगण्यावर होणारा निव्वळ परिणाम पाव ग्रॅमच्या आसपास. मासोळी बुडत नाही. बदलते ते तिचे जडत्व, आणि त्याबरोबर डोलण्याची चपळाई. लहान मासोळीस पातळ लेप द्यावा हा संकेत या कारणाने योग्य ठरतो, बुडण्याच्या भीतीने नव्हे.

आता शब्दांकडे वळू. लेपाच्या व्यवसायातील मराठी शब्दसंपत्ती पाहिली तर तीत इतिहासाचे थर स्पष्ट दिसतात. ‘लाख’ हा संस्कृत ‘लाक्षा’चा प्राकृतमार्गे आलेला वारस. ‘अळशी’ ही ‘अतसी’ची लेक, विदर्भात मात्र तिला ‘जवस’ म्हणतात. ‘रोगण’ फारसी, मूळ अर्थ तेल किंवा तूप. खालच्या पहिल्या थराला रंगारी ‘अस्तर’ म्हणतो, तोही फारसीच. त्यावर ‘वॉर्निश’ आणि ‘पॉलिश’ इंग्रजीतून चढले. ‘लुकण’ फटी भरण्याचे, ‘खळ’ चिकटविण्याची. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी व गंजिफा करताना चिंचोक्याची खळ वापरीत आले आहेत. थराला रंगारी ‘हात’ म्हणतो : भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. वैद्याच्या परिभाषेतील ‘पुट’ लौकिक भाषेत येऊन ‘पुटे चढविणे’ झाले. घासून चकचकीत करणे म्हणजे ‘घोटणे’, आणि त्यावरूनच ‘घोटीव’. हा संग्रह दरिद्री नाही. नामे पुष्कळ आहेत. अडचण आहे ती क्रियापदाची, कारण या सर्व द्रव्यांच्या अंतिम अवस्थेला मराठीत एकच क्रियापद लावले जाते : लेप सुकला, किंवा वाळला.

वस्तुतः येथे तीन अगदी भिन्न घटना आहेत.

पहिली लाखेची. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर होणाऱ्या लाखेची चपडी करून ती स्पिरिटमध्ये विरघळवितात व लाकडावर लावतात. स्पिरिट उडून जाते, लाख मागे उरते. येथे ‘सुकणे’ हे क्रियापद सर्वस्वी यथार्थ आहे, कारण सुकण्यात काहीतरी निघून जाण्याची कल्पना अंगभूत आहे : कपडे सुकतात, विहीर सुकते, मूल आजारात सुकते. ही घटना उलटविताही येते. वाळलेल्या लाखेवर पुन्हा स्पिरिट ओतले की ती विरघळते.

दुसरी जवसाच्या तेलाची. विदर्भ हा जवसाचा प्रदेश, आणि तेलघाणीच्या सुधारणेसाठी वर्ध्याच्या मगनवाडीचे नाव सर्वश्रुत आहे. जवसाचे तेल लाकडावर चोपडून ठेवले की काही दिवसांत त्याची घट्ट साय धरते. बोलणारा म्हणतो, तेल वाळले. पण तेलातून काही निघून गेलेले नसते. उलट त्याने हवेतील प्राणवायू घेतलेला असतो व आरंभी त्याचे वजन वाढते. ‘वाळणारे तेल’ ही संज्ञा म्हणजे शास्त्रदृष्ट्या एक जुनी चूकच होय. परंतु ती निरुपद्रवी आहे. ऊन आणि वारा मिळाले की हे तेल लवकर घट्ट होते, म्हणजे चुकीच्या शब्दानेही हातून योग्यच काम होते.

तिसरी इपॉक्सीची, आणि येथे हीच चूक महाग पडते. हिच्या रेणूच्या टोकांना प्राणवायूचा एक व कर्बाचे दोन अणू मिळून झालेली तीन अणूंची ताणलेली कडी असते. ‘इपॉक्सी’ या नावातील ग्रीक ‘एपि’ म्हणजे ‘वर’, आणि उरलेला भाग प्राणवायूच्या नावाचा. अशा राळांवर जर्मनीत पाउल श्लाक, स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां व अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी १९३० ते १९५० या दरम्यान काम केले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटास स्विस कंपनी सीबाने ‘अ‍ॅराल्डाइट’ हे नाव बाजारात आणले. राळेबरोबर दुसऱ्या डब्यात येणारे द्रव्य बहुधा अमाइन वर्गातील असते. अमाइनमधील नत्राला जोडलेला हायड्रोजनचा प्रत्येक अणू राळेची एक कडी उघडतो व तेथे कायमचा सांधा जुळतो. असे सांधे सर्व दिशांनी जुळत जाऊन अखेर संपूर्ण लेप हा जणू एकच विराट रेणू होतो. काही उडून गेले नाही. हवेतून काही आले नाही. जे दोन डब्यांत होते ते सर्व लेपात आहे. म्हणूनच एकाच हातात जाड थर बसतो, जो लाखेचा बसविण्यास दहा हात लागले असते. आणि म्हणूनच तो पुन्हा विरघळत नाही.

या घटनेला ‘सुकणे’ म्हणताच पुढील गोष्टी क्रमाने घडतात. सुकावयाचे आहे म्हणून मासोळी उन्हात टांगली जाते. लवकर सुकावे म्हणून दुसऱ्या डब्यातील द्रव्य अंमळ अधिक घातले जाते. पातळ केल्यास लवकर सुकेल म्हणून त्यात थिनर ओतला जातो. आणि बोटाला चिकटेनासे झाले की ‘सुकले’ असे समजून मासोळी पाण्यात जाते. चारही कृती वॉर्निशच्या बाबतीत एक वेळ खपल्या असत्या. येथे एकही खपत नाही.

उन्हाचा प्रश्न प्रथम घेऊ. लाकडाच्या रंध्रांत हवा असते. लेप ओला असताना लाकूड तापू लागले की ती हवा प्रसरण पावते व लेपातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. तोवर लेप दाट झालेला असल्यामुळे बुडबुडा फुटतो पण त्याचा खड्डा बुजत नाही. उपाय दुहेरी आहे. रंगापूर्वी लाकडाला पातळ लाखेचा किंवा इपॉक्सीचाच अगदी हलका हात देऊन रंध्रे बुजवावीत. आणि लेप देण्याचे काम लाकूड निवत असताना, म्हणजे सायंकाळी, करावे. निवणारे लाकूड लेप आत ओढते, तापणारे लाकूड त्याला बाहेर ढकलते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हे ध्यानी घेतले तर हा नियम केवळ पुस्तकी राहत नाही. अशा रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांस ढोबळमानाने दुप्पट होतो. ज्या मिश्रणास २५ अंशांत ४० मिनिटे हाताळता येते, ते ४५ अंशांत १० मिनिटांतच दोरे धरू लागेल. ही क्रिया स्वतःही उष्णता निर्माण करते. पेल्यात दाटीने राहिलेल्या राळेची उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे ती अधिकच तापते, प्रसंगी धूर निघतो. कालविलेली राळ पसरट झाकणात ओतून ठेवावी, हा त्यावरील साधा उपाय.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. दुसऱ्या डब्यातील द्रव्यास काय म्हणावे, यावर बरेच अवलंबून आहे. कारागिरांच्या तोंडी ‘हार्डनर’ हा शब्द रूढ आहे, आणि तो काढून टाकण्याची गरज नाही. पण त्याचा अर्थ लावताना मनात जो दृष्टांत येतो तो विरजणाचा. दुधात चमचाभर विरजण घातले की दही लागते. थोडे अधिक घातले तर लवकर लागते इतकेच. काचतंतूच्या वस्तू बनविताना वापरली जाणारी पॉलिएस्टर राळ खरोखर काहीशी या जातीची आहे. तिच्यातील दुसरे द्रव्य फक्त क्रियेस चालना देते, आणि ते थोडे कमीअधिक करून कारागीर वेग साधतो. इपॉक्सीत मात्र हार्डनर हा विरजण नव्हे, तो निम्मा संसार आहे. प्रत्येक कडीस एक हायड्रोजन लागतो. जास्त झालेल्या अमाइनला जोडीदार मिळत नाही, कमी पडल्यास कड्या तशाच राहतात. दोन्ही प्रसंगी लेप मऊ व चिकट राहतो, आणि तो कितीही दिवस ठेवला तरी सुधारत नाही. नेहमीच्या द्रव इपॉक्सी राळेच्या १०० भागांना ट्रायएथिलीनटेट्रामाइन हे अमाइन वजनाने सुमारे १३ भाग लागते. बाजारातील संमिश्र हार्डनर एकास एक किंवा दोनास एक या सोयीच्या प्रमाणांत बसतील असे बनविलेले असतात.

येथे डब्यावरील मजकुराचा मुद्दा येतो. दोनास एक हे प्रमाण वजनाने की मापाने, हे डब्यावर बहुधा इंग्रजीत बारीक टंकात छापलेले असते. राळेची घनता १.१६ व हार्डनरची ०.९६ धरली, तर मापाने दोनास एक म्हणजे वजनाने १०० भागांस सुमारे ४१ भाग होतात. मापाचे प्रमाण वजनाचे समजून तराजूवर १०० ला ५० घेणारा माणूस हार्डनर एकपंचमांशाहूनही अधिक घालतो. त्याने सूचना काटेकोर पाळली अशीच त्याची खात्री असते. महिनाभर कोरलेली मासोळी यामुळे चिकट राहून वाया जाते आणि दोष द्रव्याच्या माथी बसतो. परिभाषेचा विचार नागपुरास नवा नाही, डॉ. रघुवीर यांचे कोशकार्य स्वातंत्र्याच्या सुमारास याच नगरीत चालले होते, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषाकोश प्रसिद्ध केले. परंतु कोशातील शब्द डब्यापर्यंत पोहोचत नाही, आणि डब्यावरचा शब्द कारागिरापर्यंत पोहोचत नाही. ‘वजनाने’ आणि ‘मापाने’ हे दोन शब्द तर कोशातून काढण्याचीही आवश्यकता नव्हती.

मग ‘सुकणे’ नको तर काय? ‘थिजणे’ चालणार नाही. तूप थिजते ते थंडीने, आणि ऊब मिळताच पातळ होते. ‘गोठणे’ यालाही थंडीचा संस्कार आहे, जरी रक्त गोठते ते न उलटणारे असले तरी. ‘आळणे’ म्हणजे रस आटून दाट होणे, तेव्हा पुन्हा निघून जाण्याचीच कल्पना. ‘दृढ होणे’ व त्यावरून ‘दृढीकारक’ हे शब्द शुद्ध आहेत, पण ते बोलणार कोण? बांधकामावरील गवंडी सिमेंटाविषयी बोलतो तेव्हा तो सिमेंट ‘सुकले’ असे सहसा म्हणत नाही. ते ‘सेट झाले’ म्हणतो, आणि सुकू नये म्हणूनच त्यावर पाणी मारतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, ते वाळले तर कच्चे राहते, हे ज्ञान त्याच्या भाषेत उतरलेले आहे. इपॉक्सीची जातकुळी हीच. ‘सेट होणे’ या संमिश्र क्रियापदाकडे शुद्धतावाद्यांनी नाक मुरडले तरी ते अर्थाच्या दृष्टीने ‘सुकणे’पेक्षा खरे आहे. ‘घट्ट धरणे’ हा पर्यायही विचारार्ह आहे, कारण ‘धरणे’ या धातूत काही जुळून येण्याची, आकार घेण्याची कल्पना आहे : साय धरते, फळ धरते, गर्भ धरतो. लेप धरला असे म्हटले तर श्रोत्याच्या मनात उन्हाची आठवण तरी येणार नाही.

प्रत्यक्ष कृतीचे काही विशेष येथे नोंदविले पाहिजेत. लाकूड पांगारा किंवा काटेसावर यांसारखे हलके असावे. सागवान घेतल्यास त्यातील नैसर्गिक तेलामुळे लेप धरत नाही, म्हणून ते आधी स्पिरिटने पुसावे लागते. कानस व काचकागदाने आकार घोटून घ्यावा; काचकागद १२०, २२०, ४०० अशा चढत्या क्रमांकाने वापरावा. कडा तीक्ष्ण ठेवू नयेत, कारण पृष्ठताणामुळे राळ कडेवरून मागे सरते व तेथे लेप नावापुरता उरतो. रंग दिल्यावर त्यातील द्रावक पुरता उडून जाऊ द्यावा. (येथे मात्र ‘सुकणे’ शंभर टक्के खरे आहे.) रंगलेल्या मासोळीस बोट लावू नये, बोटाच्या तेलकट ठशावरून राळ बाजूला होते व माशाच्या डोळ्यासारखा गोल चट्टा उमटतो.

राळ व हार्डनर दोन-तीन मिनिटे सावकाश कालवावीत. भरभर ढवळल्यास हवा मिसळते. पेल्याच्या कडेला व तळाला चिकटलेला भाग काडीने खरवडून मिश्रणात घ्यावा आणि मग सर्व मिश्रण दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा कालवावे. एकाच मासोळीवर मध्येच एखादा चिकट पट्टा राहतो तो या कडेच्या न मिसळलेल्या राळेमुळे. मऊ कुंचल्याने पातळ हात द्यावा. वर आलेले उरलेसुरले बुडबुडे किंचित ऊब दाखविताच फुटतात, पण ती ऊब क्षणभराचीच असावी.

त्यानंतरचे काम गुरुत्वाकर्षणाशी आहे. राळ खाली ओघळते व पोटाशी थेंब जमतो. पाठ उघडी पडते. यासाठी मासोळी आडव्या दांडीस अडकवून रहाटासारखी सावकाश फिरवीत ठेवतात. मायक्रोवेव्ह भट्टीतील काचेची थाळी फिरविणारी छोटी मोटर मिनिटास पाच-सहा फेरे घेते, आणि जुन्या भट्टीतून काढलेली अशी मोटर या कामास पुरते. वेगाची गरज नाही. राळ ओघळण्याच्या आत तिची दिशा बदलली की झाले. मोटर नसेल तर पहिली दीड-दोन तास दर काही मिनिटांनी मासोळी हाताने उलटी टांगावी. यात मध्येच झोप लागल्यास सकाळी शेपटीस काचेचा थेंब लटकलेला आढळतो.

दुसरा हात केव्हा द्यावा? पहिला हात बोटास चिकटेनासा झाला पण नखाने अद्याप खूण उमटते, अशा अवस्थेत दिल्यास दोन्ही थर रसायनाने जोडले जातात. ही वेळ चुकली व लेप पुरता घट्ट झाला, तर तो काचकागदाने खरखरीत करून मगच पुढचा हात द्यावा, नाहीतर थर सोलून निघतो. विदर्भात याला पावसाळ्यातील एक अडथळा आणखी आहे. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत अमाइन हे हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून लेपावर तेलकट, पांढुरकी झिलई आणते. पुष्कळजण ती लेपातील दोष समजून थिनरने पुसतात व अधिकच पसरवतात. ती पाण्यात विरघळते. कोमट पाणी व फडके यांनी धुवावी, मग काचकागद फिरवावा. वडनेरच्या हवामानात या कामास कार्तिक व मार्गशीर्ष हे महिने सर्वांत सोयीचे. पौषातील थंड रात्री मात्र क्रिया इतकी मंदावते की लेपास दुप्पट वेळ द्यावा लागतो.

शरीरास होणाऱ्या अपायाबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत, कारण मराठीत तो इशारा क्वचितच छापलेला दिसतो. ओली राळ व हार्डनर त्वचेस वारंवार लागल्यास शरीर त्यास कायमचे असहिष्णु बनू शकते; त्यानंतर अल्प स्पर्शानेही खाज व फोड येतात आणि हौस सोडून द्यावी लागते. नायट्रिलचे हातमोजे वापरावेत. हातास लागलेली राळ थिनरने पुसू नये, कारण त्यामुळे ती त्वचेत अधिक शिरते. साबण व पाणी वापरावे. घासताना उडणारी धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. लेप उन्हात हळूहळू पिवळा पडतो, हा त्याचा अंगभूत दोष होय. राळेच्या रेणूतील वलयांवर अतिनील किरणांचा परिणाम होतो, आणि पांढऱ्या पोटाच्या मासोळीवर तो लवकर दिसतो. मरळीला त्याचे सोयरसुतक नसते.

बोटास चिकटेनासा होणे आणि पूर्ण घट्ट होणे यांत साध्या तापमानात बहुधा आठवड्याचे अंतर पडते. तेवढे दिवस मासोळीस गळ अडकवू नयेत व ती पाण्यात सोडू नये. पेल्यात उरलेली राळ काडीसह तशीच ठेवावी, आणि मासोळीऐवजी त्या राळेत रोज नख दाबून पाहावे. नख रुतेनासे झाले तरी आणखी दोन दिवस जाऊ द्यावेत, कारण पेल्यातला जाड गोळा स्वतःच्या उष्णतेने मासोळीवरील पातळ थराच्या आधी धरतो.